विश्लेषण : एका दिवसाच्या रॅलीला पैसा मिळतो, पूर्ण हंगामाला का नाही? महिला मोटरस्पोर्ट आणि प्रायोजकांचे गणित

मार्च महिना जवळ आला की मुंबई-पुण्यात महिलांच्या कार रॅलींच्या जाहिराती झळकू लागतात. टायर कंपन्या, वाहन कंपन्या, बांधकाम व्यावसायिक, सौंदर्यप्रसाधनांचे ब्रँड सगळेच पुढे येतात. महिला दिन झाला की फलक उतरतात. त्याच वेळी राष्ट्रीय पातळीवर रेसिंग करणाऱ्या महिलेला पुढच्या फेरीच्या टायरचा खर्च कोण देणार, याची चिंता असते. एकाच खेळात हा विरोधाभास का दिसतो? प्रायोजकत्वाचा निर्णय कंपनीत कसा होतो आणि तो घेणाऱ्या मार्केटिंग प्रमुखाच्या हाती नेमके काय असते? मावळ-मुळशी परिसराच्या अनुभवातून हे समजून घेऊ.

मावळ-मुळशीशी या विषयाचा संबंध काय?

मळवली स्थानकावर उतरले की भाजे लेणी, लोहगड आणि विसापूर जवळ आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही हाकेच्या अंतरावर. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी द्रुतगती मार्गाने आली किंवा कार्ला फाट्यावरच्या जुन्या महामार्गाने, तरी मळवलीच्या आसपासूनच पुढे जाते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या महिलांच्या दोन गाजलेल्या रॅलींची वाट या पट्ट्यातून गेली.

पहिली 'विमेन्स रॅली टू द व्हॅली'. मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची ही रॅली. १९१९ पासून कार्यरत असलेली ही वाहनचालकांची जुनी संस्था. रॅलीचे गंतव्य मुळशी तालुक्यातील ॲम्बी व्हॅली. लोणावळ्यातून भुशी धरण, आयएनएस शिवाजी, लायन्स पॉइंट मागे टाकत तिथे पोहोचता येते.

दुसरी 'लवासा विमेन्स ड्राइव्ह'. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात लवासा कॉर्पोरेशनने कर्करोग जागृतीच्या निमित्ताने ही रॅली भरवली. त्या काळात कंपनीच्या मार्केटिंग आणि विक्री विभागाची जबाबदारी अनुराधा पारसकर यांच्याकडे होती. इथे महिलांची रॅली क्रीडा विभागाच्या किंवा एखाद्या मोटार क्लबच्या खर्चातून नव्हे, तर एका गृहप्रकल्पाच्या मार्केटिंग खर्चातून उभी राहिली. पुढच्या सगळ्या गणिताची किल्ली इथेच आहे.

अशा रॅलीत नेमके काय होते?

महिलांच्या बहुतेक रॅली 'टीएसडी' म्हणजे वेळ, वेग आणि अंतर या पद्धतीच्या असतात. इथे सर्वांत वेगाने पोहोचणारी जिंकत नाही. कोणत्या टप्प्यात किती सरासरी वेग ठेवायचा हे आयोजक ठरवून देतात आणि तो कायदेशीर मर्यादेच्या आत असतो. वाटेत तपासणी ठाणी असतात. ठरलेल्या वेळेआधी पोहोचले तरी दंडाचे गुण, उशिरा पोहोचले तरी दंडाचे गुण. सर्वांत कमी दंड असलेला संघ विजेता.

चालवणारी एक आणि शेजारी बसून मार्गपुस्तिका वाचणारी, हिशेब करणारी नॅव्हिगेटर दुसरी. टोलनाक्यावर पाच मिनिटे गेली तर पुढच्या सात किलोमीटरमध्ये वेग किती ठेवायचा, हे त्या क्षणी काढावे लागते. त्यामुळे टीएसडी हा चाकांवरचा गणिताचा पेपर असतो.

यासाठी घरची साधी हॅचबॅकही चालते. रोल केज लागत नाही, विशेष टायर लागत नाहीत. म्हणूनच शेकडो जणी एका दिवसात सहभागी होऊ शकतात. कंपनीच्या दृष्टीनेही हा सौदा सोपा असतो. दिवस एक, गाड्यांवर स्टिकर शेकडो, छायाचित्रे हजारो.

मग प्रत्यक्ष रेसिंग इतके महाग का?

क्रिकेट शिकणारी मुलगी गल्लीत, शाळेच्या मैदानात, नेट्समध्ये रोज शंभर चेंडू खेळू शकते. रेसिंगमध्ये सरावाच्या प्रत्येक फेरीला पैसे पडतात. टायर झिजतात, ब्रेक पॅड संपतात, इंधन जळते, ट्रॅकचे भाडे भरावे लागते. त्यावर मेकॅनिक, गाडीची वाहतूक, राहणे, प्रवेश शुल्क, परवाना, अग्निरोधक सूट आणि हेल्मेट. गाडी एकदा भिंतीला धडकली तर दुरुस्तीचे बिल वेगळे. या खेळात याला 'सीट टाइम' म्हणतात, म्हणजे चालकाला गाडीत प्रत्यक्ष मिळालेला वेळ. कौशल्य त्यातूनच वाढते आणि तोच सर्वांत महाग असतो.

महाराष्ट्रातल्या चालकांसाठी आणखी एक अडचण आहे. चाकणला फोक्सवॅगनच्या गाड्या तयार होतात. तिथे बनलेल्या पोलोवर आधारित रेसिंग मालिका कंपनीने २०१० मध्ये सुरूही केली होती. पण राष्ट्रीय स्पर्धा होतात त्या चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. पुण्याहून चेन्नई रस्त्याने सुमारे बाराशे किलोमीटर. म्हणजे सरावासाठीही परराज्यात जाणे आले.

या खेळात महिला आणि पुरुष एकाच ट्रॅकवर, एकाच शर्यतीत उतरतात. सीट टाइम कमी पडला की त्याचा परिणाम थेट घड्याळात दिसतो. मग 'महिला हळू चालवतात' असा निष्कर्ष निघतो आणि पुढचा प्रायोजक मागे सरतो. कमी पैसा, कमी सराव, कमी वेग आणि पुन्हा कमी पैसा, असे हे चक्र आहे. 'मोअर दॅन इक्वल' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात जगभरातल्या मोटरस्पोर्टमध्ये महिलांचे प्रमाण सरासरी सुमारे १० टक्के आढळले.

प्रायोजक नेमके काय विकत घेतो?

प्रायोजकत्व म्हणजे देणगी, असा अनेकांचा समज असतो. कंपनीच्या हिशेबात तो जाहिरातीचा खर्च असतो. गाडीच्या बॉनेटवरची जागा, चालकाच्या सूटवरची पट्टी, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, विक्रेत्यांसाठी ट्रॅकवरचा पाहुणचार आणि 'आम्ही महिलांच्या पाठीशी आहोत' हे सांगण्याचा हक्क, या गोष्टी कंपनी विकत घेते.

भारतात तर खेळाच्या नावातच प्रायोजक असतो. 'एमआरएफ' आणि 'जेके टायर' ही दोन प्रमुख राष्ट्रीय मालिकांची नावे टायर कंपन्यांची आहेत. नवोदित चालक जी 'एलजीबी फॉर्म्युला ४' गाडी चालवतात, त्यातले 'एलजीबी' हे कोइमतूरच्या साखळ्या बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे.

मार्केटिंग प्रमुखाला दरवर्षी वरिष्ठांसमोर या खर्चाचे समर्थन करावे लागते. एका दिवसाच्या रॅलीचे समर्थन सोपे असते. इतक्या गाड्या, इतक्या बातम्या, इतक्या संभाव्य ग्राहकांचे फोन नंबर. एका चालकावर वर्षभर खर्च करायचा तर उत्तरे अवघड होतात. ती जिंकली नाही तर? पहिल्याच शर्यतीत गाडी बंद पडली तर? त्या शर्यती टीव्हीवर किती जण पाहतात? पैसा रॅलीकडे वळतो तो या प्रश्नांमुळे.

सीएसआरमधून हा खर्च करता येत नाही का?

हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे.

मात्र दोन अटी महत्त्वाच्या आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. २०२१ च्या सुधारित नियमांनी आपल्या उत्पादनाचा प्रचार व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या व्याख्येतूनच वगळले. म्हणजे गाडीवर कंपनीचा लोगो लावून जाहिरातीचा लाभ घ्यायचा असेल तर तो खर्च मार्केटिंगचा. महिला दिनाच्या रॅलीला 'सामाजिक उपक्रम' म्हणायला हरकत नाही, पण पैसा बहुतांशी मार्केटिंगच्या खिशातून येतो. त्यामुळे त्या खिशाची चावी कोणाकडे आहे, हे महत्त्वाचे ठरते.

प्रायोजक अडचणीत आला की काय होते?

याचे उत्तर आपल्याच परिसरात आहे. या दोन्ही रॅलींची गंतव्ये पुढे आर्थिक आणि कायदेशीर संकटात सापडली. सहारा समूहाच्या ॲम्बी व्हॅलीवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये टाच आणली आणि एप्रिलमध्ये लिलावाचे आदेश दिले. लवासा कॉर्पोरेशनविरोधातील दिवाळखोरीची याचिका राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखल करून घेतली. घरे विकण्यासाठी सुरू झालेला उपक्रम घरांची विक्री थांबली की टिकणे कठीण असते. यात रॅली भरवणाऱ्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तो पैसा मुळात ज्या कामासाठी होता, ते काम संपले.

परदेशातही असेच घडले आहे. अमेरिकेतील डॅनिका पॅट्रिक हिने २००८ मध्ये जपानच्या मोटेगी ट्रॅकवर इंडीकार शर्यत जिंकली. अशी शर्यत जिंकणारी ती पहिली महिला. 'गो-डॅडी' या कंपनीने तिला अनेक वर्षे पाठबळ दिले. बार्ब रेक्टरमन या त्या काळात कंपनीच्या मार्केटिंग प्रमुख होत्या. या जाहिरातींनी पॅट्रिकचे नाव घराघरांत पोहोचले, पण त्या महिलांना शोभेच्या वस्तूसारखे दाखवतात अशी टीकाही कंपनीवर झाली. २०१५ अखेर गो-डॅडीने गाडीवरचे मुख्य प्रायोजकत्व थांबवले. त्यानंतर आलेल्या 'नेचर्स बेकरी'चा करार एका हंगामातच मोडला आणि वाद न्यायालयात गेला. २०१७ नंतर पॅट्रिकने पूर्णवेळ रेसिंग सोडले.

'डब्ल्यू सिरीज' ही महिलांची मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. चालकांना त्यात एक पैसाही भरावा लागत नव्हता. कल्पना उत्तम होती, पण अपेक्षित गुंतवणूक न आल्याने २०२२ चा हंगाम ऑक्टोबरमध्ये अर्धवट थांबवावा लागला आणि पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सलग तिन्ही विजेतेपदे जिंकणारी जेमी चॅडविक जगाला माहीत झाली, मालिका मात्र संपली.

पैसा टिकला तर काय घडते?

पुण्याच्या डायना पुंडोले यांचे उदाहरण घेऊ. व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांची आई असलेल्या डायना २०१८ मध्ये जेके टायरच्या 'विमेन इन मोटरस्पोर्ट' उपक्रमातून या खेळात आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर त्यांनी एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि त्या गटात पुरुष स्पर्धकही होते. सुरुवात ते विजेतेपद यात सहा वर्षे गेली. एका मार्च महिन्याच्या खर्चातून हे घडले नसते.

बेंगळूरुच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ मध्ये मोटरसायकलींच्या 'एफआयएम बाहा' विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले. टीव्हीएस रेसिंगचे पाठबळ त्यांच्यामागे होते. या कंपनीने महिलांसाठी स्वतंत्र शर्यतींचा गटही सुरू ठेवला.

२०१८ च्या राष्ट्रीय रेसिंग स्पर्धेत 'अहुरा रेसिंग'ने पूर्ण महिलांचा संघ उतरवला. मीरा एर्डा यांच्यासारख्या अनुभवी चालकासोबत त्यात मराठी अभिनेत्री मनीषा केळकरही होत्या. पडद्यावरचा परिचित चेहरा शर्यतीच्या गाडीत दिसल्याने मराठी माध्यमांनीही या खेळाची दखल घेतली. प्रायोजकाला नेमकी हीच दखल हवी असते.

'एफ१ अकॅडमी' वेगळी कशी?

डब्ल्यू सिरीजच्या पडझडीनंतर फॉर्म्युला वनने २०२३ मध्ये 'एफ१ अकॅडमी' सुरू केली. तिच्या प्रमुख सुझी वुल्फ स्वतः माजी चालक. २०१४ च्या ब्रिटिश ग्रां प्रीच्या सराव सत्रात त्यांनी फॉर्म्युला वन गाडी चालवली होती.

पहिल्या वर्षी फॉर्म्युला वनने प्रत्येक गाडीमागे दीड लाख युरो दिले आणि तेवढीच रक्कम चालकाने उभी करायची होती. २०२४ पासून फॉर्म्युला वनच्या दहाही संघांना प्रत्येकी एका चालकाला पाठबळ देणे आणि आपल्या रंगात गाडी उतरवणे बंधनकारक झाले. शर्यतीही फॉर्म्युला वनच्याच आठवड्यात होऊ लागल्या. फॉर्म्युला वनच्या म्हणण्यानुसार तिच्या चाहत्यांत सुमारे ४० टक्के महिला आहेत. हा आकडा घेऊन वुल्फ यांनी तेल आणि टायर कंपन्यांच्या पलीकडचे दरवाजे ठोठावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'शार्लट टिलबरी' या महिलेने स्थापन केलेल्या सौंदर्यप्रसाधन ब्रँडने करार केला. 'टॉमी हिलफिगर'सारखे कपड्यांचे ब्रँडही आले.

यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. विजेतीला वरच्या पातळीवर जाण्यासाठी पैसा दिला जातो. २०२४ ची विजेती ॲबी पुलिंग हिला पुढच्या वर्षी ब्रिटनच्या 'जीबी३' मालिकेत पूर्ण खर्चासह जागा मिळाली. हीच पुलिंग २०२१ मध्ये पैसे संपल्याने ब्रिटिश फॉर्म्युला ४ चा हंगाम अर्धवट सोडून बसली होती. तीन वर्षांत तिच्या हातातले कौशल्य एकदम बदलले असे नाही. या वेळी हंगाम पूर्ण करण्याएवढा पैसा पाठीशी होता.

अर्थात प्रायोजकाचे नाव गाडीवर असूनही इतिहास घडतोच. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये लेला लोम्बार्डी यांनी अर्धा गुण मिळवला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव महिला. त्या वर्षी तिच्यामागे 'लवाझा' ही कॉफी कंपनी होती. पन्नास वर्षांत दुसरे नाव जोडले गेले नाही.

मार्केटिंग प्रमुख महिला असेल तर फरक पडतो का?

पडतो, पण आपोआप नाही. या खेळाचा पैसा दशकानुदशके पुरुष ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून खर्च झाला. महिला गाडी विकत घेतात, कर्ज काढतात, विमा निवडतात, हे बैठकीच्या खोलीत ठासून सांगणारे कोणी लागते. महिला अधिकारी ते अनुभवातून सांगू शकते. मुळशीच्या गृहप्रकल्पाने महिलांची रॅली भरवली, त्यामागेही घर घेताना महिलेचा शब्द निर्णायक असतो हे साधे निरीक्षण असणारच.

तिच्यावरही तिमाही आकड्यांचे ओझे तेवढेच असते. शिवाय ती नोकरी बदलते. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे असलेले प्रायोजकत्व त्या व्यक्तीबरोबर जाऊ शकते. म्हणून तिचे खरे योगदान भाषणापेक्षा करारात मोजावे लागते. करार एका दिवसाचा आहे की तीन हंगामांचा? पैसा मंडप-फलकांवर जातो की टायर आणि सरावावर? चालक हरली किंवा बाळंतपणासाठी थांबली तर करार राहतो का?

महिला क्रिकेटने हा धडा दिला आहे. २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीगचे प्रसारण हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटी रुपयांना विकले गेले. पैसा पाच वर्षांचा असल्याने संघांना नियोजन करता आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनासारख्या खेळाडूंच्या मागे अनेक वर्षांचा सलग सराव होता.

मग महिला दिनाच्या रॅली निरुपयोगी आहेत का?

अजिबात नाही. अनेकींनी घाटात स्वतः गाडी चालवण्याचे धाडस पहिल्यांदा अशाच रॅलीत केले असेल. नवरा किंवा भाऊ शेजारी नसताना मार्ग शोधणे, वेळेचा हिशेब ठेवणे, चूक झाली तर स्वतः निस्तरणे, हा अनुभव मोठा आहे. खेळाच्या पिरॅमिडचा हा पाया आहे. अडचण एवढीच की पाया दरवर्षी नव्याने घातला जातो आणि त्यावर मजला चढत नाही.

त्यासाठी फार खर्चिक योजनाही लागत नाही. टीएसडीमध्ये पहिल्या काही क्रमांकांत आलेल्या महिलांना रोख बक्षीस आणि भेटवस्तूंच्या पिशवीऐवजी ट्रॅकवरचे दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि स्पर्धेचा परवाना देता येईल. त्यातून निवडलेल्या एकीला एका हंगामाची जागा देता येईल. डायना पुंडोले यांची वाट एका कंपनीच्या निवड शिबिरातूनच सुरू झाली होती.

मावळात पुढे काय?

तळेगावजवळ नानोली येथील खासगी रेसट्रॅक गेल्या काही वर्षांपासून चर्चेत आहे. मावळात असा ट्रॅक नियमित वापरात आला तर पुण्या-मुंबईच्या चालकांचा चेन्नईचा फेरा कमी होईल आणि सीट टाइम स्वस्त होईल. आठवड्याच्या शेवटी द्रुतगती मार्गावर किंवा लायन्स पॉइंटच्या वळणांवर वेगाची हौस भागवणाऱ्यांनाही सुरक्षित जागा मिळेल.

मात्र ट्रॅक उभा राहिला तरी त्यावर महिला किती दिसतील, हे पुन्हा त्याच बैठकीच्या खोलीत ठरेल. येत्या मार्चमध्ये मळवलीजवळून महिलांच्या गाड्यांचा ताफा जाईल आणि कंपनीची जाहिरात फोनवर येईल, तेव्हा आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा. आज जिंकणारी एप्रिलमध्ये कुठल्या ट्रॅकवर असेल आणि तिच्या टायरचे पैसे कोण भरणार आहे?